फोनला भिंग लावून बारीक किडींचे फोटो कसे काढावेत

कपाशीच्या पानाखाली बसलेली पांढरी माशी जेमतेम एक ते दीड मिलिमीटरची असते. फुलकिडा तर एक मिलिमीटरच्या आसपास. अशा जिवाचा फोटो काढायला फोन पानाजवळ नेला की एका अंतरानंतर चित्र धूसर होतं, कारण बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा साधारण दहा सेंटिमीटरच्या आत फोकस करूच शकत नाही. लांबून झूम केलं तर हाती येतो नुसता दाणेदार ठिपका. मावा आहे की पांढरी माशी, हे त्यावरून कोणालाही सांगता येत नाही, आणि फवारणीचा निर्णय चुकतो तो इथेच.

मुख्य कॅमेऱ्यासमोर एक बहिर्गोल भिंग बसवलं की हेच अंतर दोन-तीन सेंटिमीटरवर येतं आणि फोनच्या सगळ्यात चांगल्या सेन्सरवर चित्र उमटतं. स्वस्त फोनमधल्या, जवळच्या फोटोसाठी दिलेल्या 'मॅक्रो' नावाच्या वेगळ्या कॅमेऱ्यापेक्षा, जो बहुतेक वेळा दोन मेगापिक्सेलचाच असतो, हा मार्ग कितीतरी चांगला. मात्र नवशिक्या माणसाचा पैसा आणि उत्साह बहुतेक वेळा 'जास्त एक्स' मागे, म्हणजे भिंग किती पट मोठं दाखवतं त्या आकड्यामागे, वाया जातो. चांगला फोटो मिळतो तो अंतर आणि उजेड यांच्या जोरावर. भिंग मध्यम ताकदीचं असलं तरी चालतं, खरं तर तेच घ्यावं.

कोणतं भिंग घ्यावं

भिंगावर लिहिलेल्या 'एक्स'चा अर्थ समजून घ्या. २५० ला त्या आकड्याने भागा, म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर (दूरच्या वस्तूचं चित्र भिंगापासून जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटतं ते) मिलिमीटरमध्ये मिळतं. १० एक्स म्हणजे २५ मिमी, ५ एक्स म्हणजे ५० मिमी, २० एक्स म्हणजे साडेबारा मिमी. फोनला भिंग लावल्यावर वस्तू साधारण तेवढ्याच अंतरावर धरावी लागते. चौकटीत किती रुंदी मावेल तेही यावरून कळतं: मुख्य कॅमेऱ्याने, १ एक्स झूमवर, नेहमीच्या ४:३ आकारात फोटो काढला तर त्याच्या लांब बाजूत नाभीय अंतराच्या सुमारे १.३ पट भाग येतो. म्हणजे १० एक्सच्या भिंगाने साधारण ३३ मिमी आणि २० एक्सने १६-१७ मिमी.

आता पांढरी माशी एक मिलिमीटरची धरा. १० एक्सने ती चौकटीच्या तेहतिसाव्या भागाएवढी दिसेल. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत रुंदीला सुमारे ४००० पिक्सेल असतात, म्हणजे माशीच्या वाट्याला १२० पिक्सेल आले. पंख आणि पिवळं अंग ओळखायला एवढे पुरतात. फोनमध्ये २ एक्स झूम मुख्य सेन्सरवरच होत असेल, तर आणखी तपशील मिळतो. सुरुवातीला १० एक्स घ्या, हाच आमचा सल्ला. ते हातात वागवता येतं आणि जास्त ताकदीच्या भिंगापेक्षा वस्तूवर सावलीही कमी पडते.

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात.

चिमट्याचं भिंग सगळ्यात सोपं. मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात ते वाइड (रुंद दृश्यासाठी) आणि मॅक्रो अशा जोडीत मिळतं. दोन्ही काचा एकमेकींत आट्यांनी बसवलेल्या असतात. मॅक्रो हवं असेल तर पुढची वाइडची काच फिरवून काढायची आणि मागची छोटी काच तेवढी चिमट्यात ठेवायची. पुष्कळ जण दोन्ही तशाच ठेवून फोटो काढतात आणि 'हे भिंग काही मोठं करत नाही' म्हणून डब्यात टाकून देतात.

सराफ वापरतात ते १० एक्सचं घडीचं भिंग दर्जाने सर्वांत वरचं, पण त्यात तीन काचा जोडलेलं भिंगच निवडा. एका काचेच्या भिंगाने चौकटीच्या कडांना जांभळी-निळी किनार येते, तिथे वस्तूही वाकडी दिसते. पारख सोपी आहे: आलेखाचा कागद भिंगातून बघा. कडेच्या रेषा सरळ आणि बिनरंगी दिसल्या तर भिंग चांगलं. छोट्या भिंगावर '६० एक्स' छापलेलं दिसलं तर विश्वास ठेवू नका. खिडकीबाहेरच्या झाडाचं चित्र भिंगातून कागदावर पाडा आणि ते स्पष्ट झाल्यावर भिंग ते कागद हे अंतर पट्टीने मोजा. २५ मिमी आलं, तर ते भिंग १० एक्सचंच.

तिसरं, कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग. त्याला स्वतःची चौकट असते, ती थेट वस्तूवर उभी राहते आणि अंतर आपोआप बरोबर येतं. सपाट वस्तूंसाठी, म्हणजे पसरलेलं पान, नोट, नाणं यांसाठी, ही सोय फार उपयोगी आहे.

चौथं, लेझर टॉर्चमधलं किंवा जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमधलं इवलंसं भिंग. याचं नाभीय अंतर काही मिलिमीटरच असतं, त्यामुळे वाढ भरपूर मिळते. पण वस्तू जवळजवळ फोनला चिकटवावी लागते, उजेड आत शिरत नाही आणि जिवंत कीड तोवर थांबत नाही. परागकण, मिठाचा दाणा, कापसाचा धागा अशा न हलणाऱ्या वस्तूंसाठी ठीक. टॉर्चमधून भिंग काढताना सेल आधी बाहेर काढा आणि भिंग काढलेली टॉर्च पुन्हा पेटवू नका.

फोनवर बसवताना

आधी फोनचं कव्हर काढा. कव्हरच्या जाडीने भिंग कॅमेऱ्यापासून लांब जातं आणि चौकटीचे कोपरे काळे होतात. मग मुख्य कॅमेरा कोणता ते शोधा: कॅमेरा ॲप १ एक्सवर ठेवून मागच्या एकेका काचेवर बोट धरा. ज्या काचेवर बोट ठेवल्यावर पडदा काळा होतो, ती मुख्य. भिंगाचा मध्य बरोबर तिच्या मध्यावर आला पाहिजे.

भिंग कॅमेऱ्याला जितकं जवळ तितकं चांगलं, मात्र काचेला काच टेकू देऊ नका. कॅमेऱ्याचा भाग फोनच्या पाठीतून वर आलेला असतो, त्यामुळे चिमटा तिरपा बसतो. फोटोची डावी बाजू स्पष्ट आणि उजवी धूसर येत असेल तर कारण हेच. चिमट्याच्या खालच्या बाजूला घडी केलेल्या कागदाचं ठिगळ लावा आणि भिंग समांतर करा. चिमट्याचा दाब पॉवरच्या बटणावर किंवा पडद्याच्या कडेवर येणार नाही याचीही काळजी घ्या.

लेझरचं भिंग केसांच्या काळ्या पिनेत अडकवा आणि पिन फोनला चिकटपट्टीने लावा. कोणती बाजू फोनकडे ठेवायची? दोन्ही बाजूंनी एकेक फोटो काढा आणि ज्यात कडा जास्त स्वच्छ दिसतील ती ठेवा.

फोनमधल्या सेटिंग्ज

तीन-चार कॅमेरे असलेले फोन वस्तू जवळ आली की आपणहून वाइड कॅमेऱ्यावर उडी मारतात. तसं झालं की पडद्यावरचं चित्र एकदम बदलतं आणि भिंगाचा काळा गोल दिसू लागतो. सेटिंगमध्ये 'ऑटो मॅक्रो' किंवा तशा नावाचा पर्याय असतो, तो बंद करा. २ एक्स किंवा ३ एक्स दाबल्यावर भिंगाशिवायचं साधं दृश्य दिसलं, तर फोन टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यावर गेला असं समजा. अशा फोनवर १ एक्सलाच फोटो काढा आणि नंतर कापा.

कॅमेरा ॲपमध्ये प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायची सोय) असेल तर फोकस हाताने लावा आणि डोंगराच्या खुणेकडे, म्हणजे दूरवर, नेऊन ठेवा. प्रो मोड नसेल तर पडद्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. शटर (सेन्सरवर उजेड पडण्याचा वेळ) १/२०० सेकंद किंवा त्याहून कमी ठेवा, वारा असेल तर १/५०० ठेवा. आयएसओ (उजेडासाठीची सेन्सरची संवेदनशीलता) ४००च्या वर जायला लागला तर सेटिंग वाढवू नका, उजेड वाढवा. ब्यूटी, फिल्टर, एआय सगळं बंद. फोनने 'सुधारलेला' पानाचा रंग रोग ओळखायला निरुपयोगी असतो.

पहिला सराव टेबलावर

वावरात जाण्याआधी घरी स्टीलच्या पट्टीवर सराव करा.

१. पट्टी खिडकीजवळच्या टेबलावर सपाट ठेवा. थेट ऊन नको.
२. फोन पट्टीला समांतर धरून भिंग जवळजवळ टेकेल इतकं खाली न्या.
३. आता फोन अगदी सावकाश वर उचला. एका जागी रेषा लख्ख होतात, तिथे थांबा.
४. अर्धा मिलिमीटर वर, अर्धा मिलिमीटर खाली असा फोन हलवून स्पष्टता कुठे येते-जाते ते बघा.
५. स्पष्ट क्षणी आवाजाचं बटण दाबून फोटो घ्या. पडद्यावर बोट मारलं की फोन हलतो.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. १० एक्सच्या भिंगाने स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली साधारण अर्धा मिलिमीटरच असते. म्हणजे माव्याचं डोकं स्पष्ट आलं तर पाठ धूसर होणार. म्हणून फोकस शोधण्याचं काम फोनवर सोपवू नका, फोनच पुढे-मागे हलवून फोकस साधा. हाताला ही सवय लागली की बाकी सगळं सोपं होतं.

पट्टीचा हा फोटो जपून ठेवा. चौकटीत किती मिलिमीटर मावले ते त्यावर मोजता येतं. पुढे त्याच भिंगाने, त्याच झूमवर काढलेल्या प्रत्येक फोटोला हेच माप लागू पडतं.

उजेड

भिंग आणि वस्तू यांत दोन-तीन सेंटिमीटरच फट असते आणि फोनची सावली नेमकी तिथेच पडते. फोनचा फ्लॅश इथे कामाचा नाही: भिंगाची चौकट त्याला आडवी येते किंवा काचेवर चमक उमटते. बाजूने उजेड द्या. डाव्या बाजूला छोटी बॅटरी किंवा दुसऱ्या फोनचा टॉर्च, त्यापुढे बटर पेपर किंवा पातळ पांढरा कागद, आणि उजव्या बाजूला पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा. बस. पानावरचे केस, किडीचे पाय, पंखांच्या कडा, सगळं उठून दिसतं.

खानदेशातलं ऊन थेट वापरू नका. मार्चनंतर सकाळी नऊ-साडेनऊलाच ते इतकं कडक होतं की पानाची चमकणारी जागा फोटोत नुसती पांढरी येते आणि शेजारची सावली काळी पडते. फोन तापून कॅमेरा बंद पडतो तो वेगळाच. छत्री किंवा पांढरा पंचा धरून सावली करा. पंच्यातून झिरपणारा मऊ उजेड तर या कामाला फारच चांगला.

वावरात: कपाशी आणि केळी

वेळ सकाळची, सात ते नऊ. हवा थंड असते, वारा पडलेला असतो आणि किडी सुस्त असतात. पांढरी माशी जरा धक्का लागला की उडते. म्हणून पान ओरबाडून उलटं करू नका. देठाला दोन बोटांनी धरा आणि पान सावकाश कलवा. पान तोडायचंच असेल तर देठासकट तोडून सपाट पुठ्ठ्यावर दोन पिनांनी ताणून लावा, मग दोन्ही हात मोकळे राहतात. उभ्या झाडावर काम करताना ज्या हातात फोन, त्याच हाताची करंगळी पानाच्या कडेला किंवा फांदीला टेकवा. हात आणि पान एकत्र हलतात, त्यामुळे वाऱ्यातही अंतर टिकतं. या एका युक्तीने वाया जाणारे अर्धे फोटो वाचतात.

एका जागी एक फोटो काढून थांबू नका. बटण दाबून धरा आणि सलग फोटो सुरू असताना फोन एक-दोन मिलिमीटर हळूच पुढे न्या. दहा-पंधरांतला एखादा नेमका लागतो.

फोटोत काय दिसलं पाहिजे ते आधी माहीत असलं की कुठे फोकस धरायचा ते कळतं. माव्याच्या पाठीमागच्या टोकाला दोन बारीक नळ्या असतात, त्या फोटोत आल्या की ओळख पक्की. तुडतुडा हिरवट, पाचरीसारखा, तिरका चालतो आणि त्याच्या पंखांच्या टोकाकडे एकेक काळा ठिपका असतो, म्हणून त्याच्यावर बाजूने नाही, वरून फोकस धरा. पांढऱ्या माशीचं अंग पिवळसर आणि पंख मेणचट पांढरे, छपरासारखे मिटलेले. तिची पिल्लं मात्र माशीसारखी दिसतच नाहीत. ती चपटी, लंबगोल, फिकट पिवळी असतात आणि पानाच्या खालच्या बाजूला शिरांजवळ चिकटून बसलेली असतात, खवल्यासारखी. समोरून उजेड टाकला तर ती पानाच्या रंगात मिसळून जातात. उजेड अगदी आडवा, पानाला घासून जाईल असा टाका, की प्रत्येकाची बारीक सावली पडते आणि मोजणीही करता येते. फुलकिडे शोधायला पांढरा कागद पानाखाली धरून पान झटका, कागदावर पडलेल्यांचा फोटो लगेच घ्या.

गुलाबी बोंडअळीसाठी बोंड फोडून आतला फोटो घ्यावा लागतो. अळी मोठी असल्याने इथे ५ एक्सचं भिंग पुरे.

केळीच्या करप्याचे ठिपके बघताना पान आकाशाकडे धरा आणि मागून येणाऱ्या उजेडात एक फोटो, समोरच्या उजेडात दुसरा, असे दोन घ्या. मागच्या उजेडात ठिपक्याभोवतीचं पिवळं वलय स्पष्ट दिसतं. कुकुंबर मोझॅक विषाणूच्या पट्ट्यांना मात्र भिंगाची गरज नाही, तिथे अख्ख्या पानाचा आणि झाडाच्या पोंग्याचा (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानाचा) साधा फोटोच जास्त सांगतो. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पावसाळ्यात सातपुड्यातल्या तोरणमाळ किंवा पाल या ठिकाणांच्या बाजूला गेलात तर शेवाळ, दगडफूल, कोळ्याच्या जाळ्यावरचे थेंब हे सरावाला उत्तम. थेंबामागे फूल धरलं की थेंबात फुलाचं उलटं चित्र दिसतं. फोकस थेंबाच्या कडेवर न धरता आतल्या चित्रावर धरा.

दागिन्यावरची खूण

जळगावचं सोनं घेणाऱ्यांसाठी हेच भिंग कामाचं आहे. हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटला २२के९१६) आणि अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा जागांचा हा क्रमांक सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याची नोंद दिसते.

अडचण येते ती चमकेची. अंगठीच्या आतली बाजू गोल असते, त्यामुळे एकदम सगळी अक्षरं स्पष्ट येत नाहीत. अंगठी मळलेल्या कणकेच्या गोळ्यात रोवून उभी करा, खुणेची जागा भिंगाला समांतर करा आणि भोवती पांढऱ्या कागदाची नळी ठेवा. उजेड नळीच्या बाहेरून द्या. सोन्यात मग पांढरा कागदच उमटतो आणि लेझरने कोरलेली अक्षरं गडद दिसतात. तीन आणि तीन अक्षरांचे दोन फोटो काढले तरी चालतं. शून्य आणि ओ, आठ आणि बी यांत गफलत होते, म्हणून क्रमांक टाकण्याआधी फोटो मोठा करून बघा.

फोटो बिघडला तर

सगळाच धूसर असेल तर अंतर चुकलं. एक बाजू धूसर असेल तर भिंग किंवा वस्तू तिरपी. मध्य स्पष्ट आणि चारही कडा धूसर असतील तर तो एका काचेच्या भिंगाचा स्वभावच, कडा कापून टाका. कोपरे काळे गोल असतील तर भिंग मध्यावर नाही किंवा कॅमेऱ्यापासून लांब आहे. चित्रावर दुधट पडदा आल्यासारखं वाटत असेल तर काचेवर बोटाचा ठसा आहे, नाहीतर ऊन थेट भिंगावर पडतंय. कडा दुहेरी दिसत असतील तर फोन हलला.

भिंग जपताना

आपल्याकडच्या काळ्या मातीच्या धुळीने काच ओरखडते. शर्टाच्या टोकाने कधीच पुसू नका. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग चष्म्याच्या कापडाने हलक्या हाताने पुसा. लेझरच्या प्लॅस्टिक भिंगाला सॅनिटायझर लावू नका. पावसाळ्यात भिंग सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी चढते.

आणि भिंग उन्हात उघडं टाकून जाऊ नका. पऱ्हाट्यांचा किंवा कडब्याचा ढीग, वाळलेलं गवत, ट्रॅक्टरची सीट, यांवर भिंगातून ऊन एकवटलं तर आग लागू शकते. झाकण लावून खिशात ठेवा. भिंगातून किंवा भिंग लावलेल्या फोनमधून सूर्याकडे बघणं तर पूर्ण वर्ज्य.

तज्ज्ञाकडे पाठवताना

कृषी विज्ञान केंद्राला किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला फोटो पाठवायचा असेल तर भिंगाचा एकच फोटो पुरत नाही. तीन पाठवा: अख्खं झाड, अख्खं पान (वरून आणि खालून) आणि भिंगातून काढलेला जवळचा. जवळच्या फोटोत पानाशेजारी पट्टीचा किंवा आलेखाच्या कागदाचा तुकडा दिसू द्या, म्हणजे किडीचा आकार कळतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि नेमके बारीक तपशील जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सोबत गाव, वाण, लागवडीची तारीख, मागच्या पंधरा दिवसांत काय फवारलं आणि दहा झाडांपैकी किती झाडांवर हे दिसतंय, एवढं लिहा.